पाच नंबरचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा, पाच नंबरचा, डोंगर चढायचा. माझा उजवा जोडीदार आता नाही. मी एकटा उरलो आहे.

मित्रांनो, जुनी छत्री, जुनी सायकल, जुनं घड्याळ यांच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. त्या सगळ्या शेवटी हेच सांगतात की आम्हाला फेकू नका. मी तसं सांगणार नाही. मला वेळेवर फेकायला हवं होतं. ते कोणी केलं नाही, म्हणून एक चांगली बाई गेली. मला त्याचा राग आहे. कोणाकोणाचा आहे ते क्रमाने सांगतो.

पहिला राग मला बनवणाऱ्यांवर. माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. वरचं अंग जाड कातड्याचं, पुढे रबराची टोपी, आत मऊ अस्तर. तळाला खाचांचं काळं रबर, आणि ते रबर आणि वरचं कातडं यांच्यामध्ये फोमचा एक जाड थर. त्या थरामुळे पायाला धक्का बसत नाही. पण हा फोम पाच-सहा वर्षांत आपोआप कुजतो. बूट रोज घाला किंवा माळ्यावर ठेवा, तो भुसभुशीत होतोच. मला चिकटवणाऱ्या माणसांना हे माहीत होतं. जेवायच्या सुट्टीत ते त्यावर हसायचे. माझ्या खोक्यावर डोंगर छापला होता, सूर्य छापला होता, बूट कसा पुसायचा तेही छापलं होतं. तेवढं एक वाक्य छापायला मात्र जागा नव्हती.

तिथून मी नाशिकला आलो, मेन रोडवरच्या एका दुकानात. तिथे मला प्रतिभाताईंनी घेतलं. ते त्यांचं त्या दिवशीचं चौथं दुकान होतं. बाकीच्या तिघांनी त्यांना पुरुषांचा लहान नंबर दाखवला होता आणि दोन मोजे घाला असा सल्ला दिला होता. ताई वैतागून आल्या होत्या.

"भाऊ, बायकांचा पाच नंबर आहे का? असेल तर काढा, नसेल तर सरळ नाही म्हणा. मोज्यांचं सांगू नका."

दुकानदाराने मला काढलं. ताईंनी पाय घातला, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हां. हा माझा."

ते शब्द मी विसरलेलो नाही.

प्रतिभाताई पोस्टात खिडकीवर बसायच्या. लोकांचे फॉर्म तपासायच्या. कुठे सही राहिली, कुठे तारीख चुकली, ते त्यांना कागद हातात घ्यायच्या आधीच दिसायचं. पेन्शनला येणारी म्हातारी माणसं मुद्दाम त्यांच्याच खिडकीपुढे उभी राहायची. आठवडाभर ताई खुर्चीवर असायच्या, आणि रविवारी डोंगरावर. पंचवटीतली दहा-बारा माणसं मिळून त्यांचा एक गट होता. पहाटे मेळा स्टँडवर जमायचं, मिळेल ती एसटी धरायची, पायथ्याला उतरायचं, चढायचं आणि दिवेलागणीला घरी.

त्यांच्याबरोबर त्यांचा नवरा असायचा, खंडेराव. सातपूरच्या कारखान्यात फिटर होता, आता घरी असतो. मी त्याला अहो-जाहो करत नाही. का, ते पुढे कळेल.

माझी पहिली चार वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू. अंजनेरीच्या पायऱ्या मी चढलो. रामशेजवर तर आम्ही कंटाळा आला तरी जायचो. सटाण्याच्या बाजूला जाऊन साल्हेर केला, तेव्हा ताईंनी वर पोहोचल्यावर मला काढलं, झटकलं आणि उन्हात ठेवलं. शेजारी बसून त्या पेरू खात होत्या. गटातल्या बायका म्हणायच्या, "प्रतिभा, बूट मात्र छान निवडलेस." ताई म्हणायच्या, "चार दुकानं हिंडले मी त्याच्यासाठी."

इगतपुरीच्या बाजूला एका डोंगराच्या पायथ्याशी धोंडाबाई राहायच्या. आमच्या गटाचं जेवण त्यांच्या ओसरीवर असायचं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. त्यांना माणसांपेक्षा आधी पाय दिसायचे.

"बाई, तुझा बूट जांभया द्याया लागला," एकदा त्या ताईंना म्हणाल्या.

खरं होतं. माझ्या पुढच्या टोकाला रबर आणि कातडं यांच्यात फट पडली होती. बोटाचं पेर जाईल एवढी.

"चिकटवून घेते," ताई म्हणाल्या.

"चिकटव नायतर फेक. पण तोंड उघडं ठेवून डोंगरावर येऊ नको."

त्या आठवड्यात ताईंनी मला पुंजाकडे नेलं. पुंजा म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे चांभार. त्यांनी मला चिकटवलं, वरून जाड दोऱ्याची शिवण घातली. म्हणाले, "वर्षभर जाईल. पण नवीन बघून ठेवा, ताई."

आणि ताई खरंच नवीन बघायला लागल्या. इथूनच सगळं बिघडलं.

दिवाळीनंतर कॉलेज रोडला एक प्रदर्शन भरलं होतं. तंबू, दोर, पाठीवरच्या पिशव्या, डोंगरवाल्यांचं सगळं सामान. ताई आणि खंडेराव बूट बघायला गेले. दारातच एका टेबलापाशी ललित नावाचा तरुण उभा होता. तो बूट विकत नव्हता. तो एका बँकेची क्रेडिट कार्डं विकत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला गिऱ्हाईक कळलं.

"काकू, ट्रेकला जाता ना?"

"दर रविवारी."

"मग ट्रेकवर होणारा खर्च तुम्हाला परत मिळायला नको?"

खंडेराव म्हणाला, "आमचा खर्चच नाही रे बाबा. एसटीने जातो, भाकरी खातो."

"तेच तर, काका. खर्च करायला लागा!"

सगळे हसले. ताईही हसल्या. मी हसलो नाही.

ललितने तीन रंगीत कागद दिले. तीन कार्डं, तीन प्रकारची बक्षिसं. कार्डाने खरेदी करायची, पॉइंट जमतात, पॉइंटांवर वस्तू मिळतात. घरी आल्यावर ताईंनी जेवणाच्या टेबलावर तिन्ही कागद पसरले आणि पोस्टातल्या सवयीने एका वहीत रकाने आखले. मी दाराशी होतो, सगळं ऐकत होतो.

"हे पहिलं पेट्रोलवर पॉइंट देतं," ताई म्हणाल्या.

"आपली स्कूटर चहाएवढं पेट्रोल पिते. पुढचं."

"दुसऱ्याने विमानतळावर बसायला मिळतं. सोफा, नाश्ता, सगळं फुकट."

"ओझरच्या विमानतळावर जाऊन बसायचं का मग रविवारी? डबा आपला, सोफा त्यांचा."

"अहो, चेष्टा नको. हे तिसरं बघा."

तिसऱ्या कागदावर डोंगर होता. शिखरावर एक बाई उभी होती, हात पसरून, वारा खात. वर लिहिलं होतं, खास डोंगरवेड्यांसाठी. आत बक्षिसांची यादी होती आणि यादीत त्या बाईच्या पायातला बूट होता. बारा हजार पॉइंट जमले की तो बूट घरपोच. ललितने पेनाने त्याच्याभोवती गोल करून दिला होता. शेजारी लिहिलं होतं, दहा महिने.

ताईंनी ललितला फोन लावला आणि तासभर प्रश्न विचारले. वर्षाचे किती घेता, बिल कधी येतं, उशीर झाला तर काय, चोरीला गेलं तर काय, पॉइंट किती दिवस टिकतात. ललित शेवटी म्हणाला, "काकू, एवढं आमच्या साहेबांनीही नाही विचारलं." ताईंना ते आवडलं. त्यांनी डोंगराचं कार्ड निवडलं.

मित्रांनो, आता ऐका. त्या कार्डाला डोंगर म्हणजे काय वाटत होतं ते सांगतो. बाहेर फिरण्याच्या खर्चावर दुप्पट पॉइंट, असं त्या कागदावर मोठ्या अक्षरात होतं. बाहेर फिरण्याचा खर्च म्हणजे काय, ते लहान अक्षरात होतं. विमानाचं तिकीट, मोठ्या हॉटेलातली खोली आणि ठरावीक दुकानं. एसटीचं तिकीट त्यात नव्हतं. धोंडाबाईंची भाकरी नव्हती. पायथ्यापर्यंत नेणारी जीप नव्हती. पुंजाची शिवण नव्हती. ताई वर्षातले पन्नास रविवार डोंगरावर असायच्या आणि त्या पन्नास रविवारांचा एकही पॉइंट जमला नाही. ज्याने ते कार्ड बनवलं तो कधी डोंगरावर गेला असेल असं मला वाटत नाही. गेला असेल तर गाडीने.

मग पॉइंट कसे जमले? किराणा, गॅस, विजेचं बिल, औषधं, सगळं कार्डावर. ओळखीच्या वाण्याकडून घ्यायचं सोडून ताई मॉलमधून डाळ आणायला लागल्या. खंडेरावने मिक्सर घेतला, जुना चांगला चालत होता तरी. संध्याकाळी दोघं मोबाइलवर पॉइंट बघायचे आणि शेजारीपाजारी सांगायचे, "आम्हाला फुकट बूट मिळणार आहेत."

फुकट. या शब्दाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्या घरात पैशाला कमी नव्हतं. ताईंचा पगार होता, खंडेरावचा फंड आला होता. नवे बूट त्या कधीही घेऊ शकल्या असत्या. पण एखादी वस्तू फुकट मिळणार असं एकदा ठरलं, की ती पैसे देऊन घेणं म्हणजे मूर्खपणा वाटायला लागतो. हाती काहीच आलेलं नसतं. तरी आलंच आहे असं धरून माणसं चालतात.

दहा महिने झाले. बूट आला नाही. पॉइंट नऊ हजारांच्या आसपास होते. माझी शिवण उसवली. ताई पुन्हा पुंजाकडे गेल्या. पुंजाने मला हातात घेतलं, दुमडलं, आणि फोमचा चुरा त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो बोटाने उचलून ताईंना दाखवला.

"हे बघा. हे शिवून धरायचं नाही, ताई. आतून पीठ झालंय. सुई कशात घालू?"

"एकदाच, पुंजाभाऊ. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. नवे येतायत."

"कुठून येतायत? चालत येतायत का?"

"बँकेकडून."

"बँक कधीपासून बूट विकायला लागली?"

ताई हसल्या. पुंजाने मान हलवत मला शिवलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "याचे पैसे घेतले तर मला पाप लागेल. गावात फिरा, भाजी आणा. डोंगरावर नको."

त्याच संध्याकाळी खंडेरावबरोबर मेन रोडवरून येताना ताई त्या दुकानापुढे थांबल्या, जिथून त्यांनी मला घेतलं होतं. आत गेल्या. दुकानदाराने बायकांचा पाच नंबर काढून दिला. करड्या रंगाचा, हलका, चांगला बूट होता. मी बाजूला काढून ठेवलेला होतो, जमिनीवरून बघत होतो. ताईंनी दोन्ही पायांत घातले आणि दुकानात तीन फेऱ्या मारल्या. टाचेवर उभ्या राहिल्या, चवड्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. मला घेताना तेच होतं.

"अहो, बसतोय हो छान," त्या म्हणाल्या.

आणि खंडेराव म्हणाला, "मिळणारच आहेत ना आपल्याला? मग विकत कशाला?"

एवढंच म्हणाला. ओरडला नाही, अडवलं नाही. नेहमीच्या आवाजात, मोबाइल बघत. ताईंनी क्षणभर त्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तेही खरंच." मग त्यांनी ते काढले, दुकानदाराची माफी मागितली आणि मला पुन्हा पायात घातलं.

म्हणून मी त्याला अहो-जाहो करत नाही.

पुढची दिवाळी गेली. पॉइंट अकरा हजारांच्या वर गेले. एका दुपारी ताईंनी मोबाइल उघडला आणि बुटाखाली बारा हजारांच्या जागी पंधरा हजार लिहिलेलं दिसलं. त्यांना वाटलं आपण चुकीचं वाचतोय. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग बँकेला फोन लावला.

"मॅडम, ऑफर रिवाइज झाली आहे," पलीकडचा माणूस म्हणाला.

"मला कळवलं का नाही?"

"मॅडम, वेबसाइटवर टाकलंय."

"मी पोस्टात आहे. आमच्याकडे व्याज बदललं तर मी खिडकीवर प्रत्येक माणसाला तोंडाने सांगते. तुम्हाला एक पत्र टाकता येत नाही?"

"तुमचा फीडबॅक नोंदवून घेतो, मॅडम."

ताई संतापल्या. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. आता कोणालाही वाटेल की अशा वेळी माणूस म्हणेल, जाऊ दे ते कार्ड, उद्या दुकानात जाऊ. ताई उलटं म्हणाल्या. "आता तर मी विकत घेणारच नाही. घेईन तर त्यांच्याकडूनच घेईन. माझे कष्टाचे पॉइंट आहेत."

खंडेराव म्हणाला, "बरोबर आहे. सोडायचं नाही."

असे दोघं एका बाजूला, बँक एका बाजूला. आणि मध्ये मी, पीठ झालेला.

तो जानेवारीतला रविवार होता. इगतपुरीच्या बाजूचा तोच डोंगर, धोंडाबाईंच्या घरावरचा. चढताना काही झालं नाही. वर सगळ्यांनी संत्री खाल्ली, फोटो काढले. उतरताना एक घसारा लागतो. सुटी माती, बारीक खडे, पाय ठेवला की सगळं खाली सरकतं. तिथे बुटाचा तळ पकडीला लागतो. नुसता पाय पुरत नाही. घसाऱ्याच्या तोंडाशीच माझी शिवण तुटली.

"अहो, थांबा जरा. हा परत जांभया देतोय," ताई म्हणाल्या.

खंडेराव मागे आला. त्याने वाकून बघितलं. पिशवीत सुतळी होती. ती त्याने माझ्याभोवती तीन वेळा गुंडाळली आणि गाठ मारली. फिटर माणूस, गाठ पक्की होती.

"खाली जाईपर्यंत टिकेल. खाली गेल्यावर बघू."

"आता किती राहिलेत हो?" ताईंनी विचारलं. त्यांना पॉइंट म्हणायचं होतं.

"तीन-चार महिने. त्या नव्या बुटांनी पहिला हाच डोंगर करू."

ताई हसल्या आणि उतरायला लागल्या. वीस-बावीस पावलं झाली असतील. गाठ सुटली नाही. गाठीच्या आतला मीच सुटलो. फोमचा थर एकदम फाटला, रबराचा तळ पुढून उलटा दुमडला आणि त्यांच्याच पायाखाली आला. मी पकड घ्यायचा प्रयत्न केला. माझ्याकडे पकडायला काही उरलंच नव्हतं. ताई उजव्या अंगावर पडल्या. घसरल्या फार नाहीत, दोन माणसांच्या लांबीएवढ्या. पण खाली एक खडक होता.

गटातल्या लोकांनी त्यांना झोळी करून उतरवलं. धोंडाबाई धावत वर आल्या होत्या, अनवाणी. जीपने इगतपुरी, तिथून नाशिक. त्या गडबडीत माझा उजवा जोडीदार कुठे राहिला कोणालाच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ताई गेल्या. हॉस्पिटलात एका पिशवीत घालून त्यांचे कपडे, घड्याळ आणि मी, असे खंडेरावच्या हातात दिले.

महिनाभराने खंडेरावने कार्ड बंद करायला बँकेत फोन केला. मी पलंगाखाली त्याच पिशवीत होतो. फोनवर एक मुलगी होती. आवाज चांगला होता तिचा, उगाच दोष देणार नाही.

"सर, तुमच्या मिसेस एक्स्पायर झाल्या हे ऐकून वाईट वाटलं. कार्ड बंद होईल. पॉइंट मात्र तुम्हाला देता येणार नाहीत. ते रद्द होतील."

"पॉइंट नको मला," खंडेराव म्हणाला. "मला एकच सांगा. ते बूट. यादीतले. ते तिला मिळाले असते का? पूर्ण पॉइंट झाले असते तर?"

"हो सर, नक्की. स्टॉकमध्ये आहेत. कोणता नंबर?"

"पाच."

जरा वेळ गेला. मग ती म्हणाली, "पाच नाही आहे, सर. सातपासून पुढे आहेत. हे जेन्ट्स मॉडेल आहे."

"फोटोत बाई आहे."

"हो सर, तो फक्त फोटो आहे. लेडीजमध्ये येतच नाहीत ते."

खंडेरावने फोन पलंगावर ठेवला. मुलगी "हॅलो सर, हॅलो सर" म्हणत राहिली.

मित्रांनो, सव्वा वर्ष. सव्वा वर्ष त्या बाईने डाळ मॉलमधून आणली. माझ्यासारख्या सडलेल्या बुटात डोंगर चढली. आणि ज्या बुटासाठी थांबली तो तिच्या पायात बसणारच नव्हता. जिने पाच नंबरसाठी चार दुकानं पालथी घातली होती, दुसऱ्याच्या फॉर्मवरची राहिलेली सही जिला लांबून दिसायची, तिने ललितला तासभर प्रश्न विचारले आणि नंबर विचारला नाही. कारण दुकानात बूट घेताना आपण पायात घालून बघतो. बक्षीस कोण पायात घालून बघतं?

खंडेराव त्या दिवशी ओरडला. भिंतीवर ओरडला, फोनवर ओरडला, माझ्यावर ओरडला. पिशवीतून मला काढून त्याने दारावर फेकून मारलं. मला बरं वाटलं. हे आधी करायला हवं होतं. मग शेजारच्या बाई आल्या, त्यांनी मला उचललं आणि म्हणाल्या, "अहो खंडेराव, असं करू नका. आठवण आहे त्यांची. पुसून कपाटात ठेवा."

मला कपाटात ठेवू नका, असं मला ओरडावंसं वाटलं. मी आठवण नाही. आठवण व्हायला त्यांचं घड्याळ आहे, त्यांच्या हातची वही आहे. मी ज्याने त्यांना पाडलं तो आहे.

खंडेरावने मला कपाटात ठेवलं नाही. पुसलंही नाही. पुढच्या रविवारी पहाटे त्याने मला पिशवीत टाकलं आणि मेळा स्टँडवर गेला. गट जमला होता. सगळ्यांना वाटलं, बिचारा, मन रमवायला आला. तो म्हणाला, "गाडीला वेळ आहे. प्रत्येकाने डावा पाय वर करा."

"काय हो?"

"पाय वर करा म्हणतो ना!"

त्याने मला बाहेर काढलं आणि स्टँडच्या बाकावर ठेवलं, तळ वर करून. सुतळी अजून माझ्या अंगाला होती. मग एकेकाचा बूट हातात घेऊन तो दाबून, दुमडून बघू लागला. तेव्हापासून दर रविवारी हेच चालतं. त्याला आता बूट बघून कळतं. काही लोक हसतात. काही लोक त्याला टाळायला पुढच्या स्टॉपवरून चढतात. त्याला फरक पडत नाही.

मागच्या महिन्यात लतिका नावाची एक मुलगी गटात नवीन आली. कंपनीत कामाला आहे, चुणचुणीत आहे, बोलायला गोड. तिचे बूट तिच्या मोठ्या बहिणीचे होते, सात वर्षांचे. खंडेरावने दाबले आणि त्याची बोटं आत गेली.

"हे घालून येऊ नको."

"काका, चालतात हो. आज एवढा एक ट्रेक. पुढच्या आठवड्यात सेल लागतोय, माझ्याकडे कूपन आहे. अर्ध्या किमतीत मिळतील."

कूपन हा शब्द ऐकल्यावर खंडेरावचा चेहरा बदलला. त्याने तिचा बूट दोन्ही हातांत धरला, फिटरच्या हातांत, आणि तळ ओढून काढला. खर्रकन. मग दुसरा. दोन्ही तळ त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकले.

लतिका आधी रडायला लागली, मग ओरडली. "वेडे आहात का तुम्ही? कोणी अधिकार दिला तुम्हाला? माझ्या ताईचे होते ते!"

"आता नाहीत."

"मी घरी कशी जाऊ?"

"रिक्षाने. जा."

गटातले लोक म्हणाले, "खंडेराव, हे अति झालं." तो म्हणाला, "होऊ दे." लतिका मोज्यांवर चालत रिक्षात बसली आणि जाताना त्याला काय काय म्हणाली ते मी इथे सांगत नाही.

मी खंडेरावला माफ केलेलं नाही. करणारही नाही. त्यानेही माझ्याकडे मागितलेलं नाही. पण त्या दिवशी त्याने बरोबर केलं, हे मी सांगतो.

दोन रविवारांनी लतिका आली. पायात नवे बूट होते, कोरे करकरीत. खंडेराव जवळ गेल्यावर तिने न बोलता डावा पाय वर केला. त्याने दाबून बघितलं, मान हलवली. ती एसटीत सगळ्यात मागे जाऊन बसली. घसाऱ्यावरून ती सगळ्यांच्या आधी उतरली, ठणठणीत. अजून ती त्याच्याशी बोलत नाही.

तर मित्रांनो, माझं मागणं एवढंच. आज घरी गेलात की आईचे, बाबांचे, आजोबांचे बूट उलटे करून बघा. वाईट दिसले तर सांगा. ते म्हणतील, चालतायत की अजून. म्हणतील, सेल लागू दे. म्हणतील, फुकट मिळणार आहेत, थोडे दिवस थांब. ऐकू नका. हट्ट करा. ऐकलं नाही तर बूट लपवा, फाडा, कचऱ्याच्या गाडीत टाका. घरचं माणूस तुमच्यावर रागावेल. रागावू द्या. रागवायला ते घरात असेल.